एक मुदपाकखाना, दोन दालने

आमच्या एक मावशी गेली काही वर्षे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका निवृत्तांच्या वसाहतीत राहतात. वय ब्याऐंशी, दृष्टी मंद पण स्मरण तल्लख, आणि आहार, त्यांच्याच शब्दांत सांगावयाचा तर, "चिमणीएवढा". मागे त्यांच्याकडे आठ-दहा दिवस मुक्कामाला राहण्याचा योग आला, तेव्हा एक विसंगती माझ्या ध्यानात आली. आपल्या सदनिकेत एकट्या जेवावयास बसल्या म्हणजे वाटीभर खिचडीतली निम्मी झाकून ठेवणाऱ्या या बाई, गुरुवारी सायंकाळी वसाहतीच्या मोठ्या भोजनगृहात, शुभ्र चादर घातलेल्या मेजाभोवती चार समवयस्कांच्या संगतीत बसल्या की सूप, कोशिंबीर, भाजलेल्या भाज्या, बटाटा आणि शेवटी सफरचंदाचा पाय अशा पाच पदार्थांचा तासाभरात समाचार घेत आणि उठताना "आज जरा जास्तच झालं" अशी कबुलीही देत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच इमारतीतल्या छोट्या उपाहारगृहात त्यांनी चीजचे एक सँडविच मागविले, दहा मिनिटांत संपविले आणि आम्ही उठलो. तिसऱ्या दिवशीही तेच सँडविच. चौथ्या दिवशीही तेच.

हा चमत्कार आपल्याला अपरिचित नाही. घरी अर्ध्या पोळीवर हात धुणारी आजी लग्नाच्या पंगतीत जिलबीचे दोन वेढे निमूटपणे संपविते, हे कोणी पाहिलेले नाही? भूक ही केवळ पोटात राहणारी वस्तू असती तर या घटनेचा उलगडा झाला नसता. अमेरिकेतील वृद्धांच्या वसाहतींत एकाच छपराखाली थाटाचे आणि सुटसुटीत अशी दोन भोजनगृहे का चालवितात, हा प्रश्न वरवर चैनीचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी गेल्यास शरीरशास्त्र, जमाखर्च आणि माणसामाणसांतील नाती यांचा जो गुंता आढळतो तो मोठा मनोरंजक आहे.

कोणती वसाहत आणि कोणते जेवण

प्रथम क्षेत्र आखून घेतले पाहिजे, कारण "निवृत्तांची वसाहत" या एकाच नावाखाली तेथे दोन अगदी भिन्न संस्था नांदतात. अ‍ॅरिझोना राज्यात फीनिक्स शहराजवळ डेल वेब या बांधकाम व्यावसायिकाने 1 जानेवारी 1960 रोजी सन सिटी खुली केली. तेथे स्वतंत्र घरे, गोल्फची मैदाने आणि धडधाकट निवृत्त माणसे असा मामला असून ज्याची चूल त्याच्या घरात. दुसरी शाखा पेनसिल्व्हेनियात क्वेकर पंथीयांनी जोपासली. 1967 साली उघडलेले फोल्कवेज आणि 1973 सालचे केंडल ॲट लाँगवुड ही तिची जुनी उदाहरणे होत. या प्रकारात रहिवासी प्रवेशाच्या वेळी एक मोठी रक्कम भरतो, पुढे दरमहा शुल्क देतो, आणि त्याच्या मोबदल्यात आज स्वतंत्र सदनिका, उद्या हात धरणारे साहाय्य आणि परवा गरज पडल्यास शुश्रूषागृह, असा आयुष्याच्या उतरणीचा सगळा बंदोबस्त त्याच आवारात होतो. जेवण हा या करारनाम्याचा भाग असतो. आपला विषय ही दुसरी शाखा.

आता दोन जेवणे. ज्याला तिकडे "फाइन डायनिंग" म्हणतात, त्याला मी येथे थाटाचे जेवण म्हणेन: वेळ आधी नोंदवून ठेवायची, कपडे बेताने नीटनेटके, मेजावर चादर, छापील यादी, आणि वाढप्याने एकामागून एक पदार्थ आणून द्यायचे. "कॅज्युअल" म्हणजे सुटसुटीत जेवण: उपाहारगृहाच्या खिडकीशी जावे, तव्यावर काय चालले आहे ते पाहावे, मागावे, तबक उचलावे, हवे तेथे बसावे, किंवा पुडके बांधून आपल्या खोलीवर न्यावे. पायांत सपाता असल्या तरी कोणी हरकत घेत नाही.

थाटाच्या जेवणातील "एकामागून एक" ही रीत युरोपातही सनातन नव्हे. जुन्या फ्रेंच मेजवानीत अनेक पदार्थ एकदमच मेजावर मांडून ठेवीत. ते निवून जात, आणि ज्याचा हात जेथवर पोहोचे तेवढे त्याला मिळे. एकोणिसाव्या शतकात रशियन पद्धत फ्रान्समध्ये रुजली, आणि तिचे श्रेय पॅरिसमधील रशियन राजदूत कुराकिन यांस देण्याचा प्रघात आहे. तीत प्रत्येक पदार्थ स्वयंपाकघरातून गरम येतो, खाऊन होतो, ताटली उचलली जाते, मग पुढचा येतो. आपल्या पंगतीने या दोन्ही रीतींचा फार पूर्वी समेट घडविलेला आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आधीच पानात मांडून ठेवलेली, आणि वरणभात, पुरी, मसालेभात, गोड व अखेरीस मठ्ठा ही मंडळी वाढप्याच्या हातून क्रमाने प्रवेश करणारी. क्रम आणि वाढपी ही दोन तत्त्वे ध्यानात असू द्यावीत. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

मुदपाकखान्याचा जमाखर्च

भोजनगृहे दोन असली तरी बहुधा मुदपाकखाना एकच असतो. मोठी पातेली, भट्ट्या, शीतगृह आणि मुख्य आचारी एके ठिकाणी. त्यांच्यापुढे दोन दारे. सूप एकाच पातेल्यातले. एका दारातून ते रुंद काठाच्या बशीत, वर कोथिंबिरीसारखी हिरवी पाने भुरभुरून बाहेर पडते. दुसऱ्यातून कागदी पेल्यात.

मग खर्चात फरक कोठे पडतो? जिनसांत फारसा पडत नाही. पडतो तो माणसांच्या वेळात. सुटसुटीत जेवणात तव्यावर एक आचारी आणि गल्ल्यावर एक कारकून असला की भागते, कारण चालण्याचे, निवडण्याचे, उचलण्याचे श्रम रहिवासी स्वतः करतो. थाटाच्या जेवणात हे सर्व श्रम वाढप्याच्या अंगावर येतात, आणि शिवाय एक नवे काम उपजते, ते म्हणजे वेळ साधण्याचे. चार माणसांच्या मेजावर एकाने मासा, दुसऱ्याने पास्ता, तिसऱ्याने कोंबडी मागितली, तर बारा मिनिटांचा, सहा मिनिटांचा आणि वीस मिनिटांचा असे तीन पदार्थ एकाच क्षणी तयार व्हावे लागतात. नाहीतर एकजण जेवतो आहे आणि तिघे त्याच्या तोंडाकडे पाहत आहेत, असा प्रसंग ओढवतो. म्हणून स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर एक मनुष्य चिठ्ठ्या वाचीत, कोणता पदार्थ केव्हा चढवावा याचे हुकूम सोडीत उभा असतो. आणि शंभर माणसे एकदम आली तर त्याचाही निरुपाय होतो, म्हणून वेळा नेमून दिलेल्या असतात. पहिली पंगत उठल्याशिवाय दुसरी बसत नाही, हा आपल्याकडचा शिरस्ताच तेथे "आरक्षण" या सभ्य नावाने पाळला जातो.

हे वाढपी बहुधा आसपासच्या शाळांतील सोळा-सतरा वर्षांची मुले असतात. शाळा सुटली की ती येतात, रात्र पडण्यापूर्वी घरी जातात. तेथील रात्रीचे जेवण पाच-साडेपाचालाच सुरू होण्याचे एक कारण हे, आणि दुसरे अर्थात रहिवाशांची लवकर निजण्याची सवय. बक्षिसी देण्यास बहुतेक वसाहतींत मनाई असते. त्याऐवजी वर्षाअखेरीस रहिवासी एका निधीत वर्गणी घालतात आणि ती सेवकवर्गात वाटली जाते. ही तजवीज मला शहाणपणाची वाटली. रोजची बक्षिसी असती तर सढळ हाताच्या मेजाकडे मुलांचे पाय आधी वळले असते, आणि ज्या बाईंना तोंडावाटे शब्द फुटण्यास वेळ लागतो त्यांच्याकडे सर्वांत शेवटी.

दोन दालनांचा आणखी एक हिशेब आहे, तो कोणत्याही गृहिणीला सांगावा लागणार नाही. थाटाच्या दालनात आज भाजलेली कोंबडी उरली, तर उद्या तिचे बारीक तुकडे होऊन ती सँडविचमध्ये किंवा सुपात अवतरते. रात्रीच्या भाताचा सकाळी फोडणीचा भात होतो आणि शिळ्या पोळीचा कुस्करा, त्यातलाच हा प्रकार. दुसरे दालन नसते तर ते उरलेले टाकावे लागले असते. यावर कायद्याची नजर मात्र कडक आहे. अमेरिकेतील अन्नसुरक्षेच्या आदर्श संहितेप्रमाणे शिजलेले अन्न 57 अंश सेल्सियसवरून 21 अंशांपर्यंत 2 तासांत आणि तेथून 5 अंशांपर्यंत आणखी 4 तासांत निवविले पाहिजे, कारण मधल्या कोमट पट्ट्यात जंतूंची वाढ सर्वांत झपाट्याने होते. पातेलेभर आमटी झाकून ओट्यावर ठेवण्याची आपली रीत तेथे गुन्हा ठरेल.

खाडा आणि शिल्लक

शिक्षणासाठी पुण्यात राहिलेल्या जुन्या पिढीस खानावळीचा "खाडा" आठवत असेल. महिन्याचे पैसे आगाऊ भरलेले. गावी जायचे असल्यास आदल्या दिवशी सांगून खाडा मांडावा, म्हणजे तेवढी रक्कम वजा होई. न सांगता गैरहजर राहिल्यास जेवणही बुडे आणि पैसेही. अमेरिकेतील वसाहतींचा जुना करार याच जातीचा होता: दिवसाला एक जेवण, बहुधा रात्रीचे, शुल्कात धरलेले, आलात तर जेवलात, न आलात तर गेले.

पुढे उपाहारगृहे निघाली तशी ही पद्धत अडचणीची झाली, कारण कपभर सूप आणि पाच पदार्थांचे जेवण यांना "एक जेवण" या एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होते. म्हणून अनेक ठिकाणी आता दरमहा ठराविक रकमेचे खाते उघडून देतात आणि जे खावे त्याची किंमत त्यातून वजा होत जाते. दूरध्वनीत पैसे भरून ते बोलत बोलत संपवावेत, तसा हा प्रकार. महिना संपताच शिल्लक बहुधा बुडते.

दोन्ही करार माणसाला दोन निरनिराळ्या दिशांनी ढकलतात, ही यातील खरी मेख आहे. पैसे भरलेले जेवण बुडेल या विचाराने मनुष्य, पायांत कळ असली तरी, सायंकाळी काठी घेऊन निघतो. याउलट खात्यावर डॉलरांचा आकडा दिसू लागला की आयुष्यभर काटकसरीने राहिलेली ही पिढी तो आकडा राखून ठेवू पाहते, आणि "आज केळे आणि दूध पुरे" असे म्हणून खोलीतच बसते. स्वातंत्र्य वाढले खरे. पण घराबाहेर ओढून काढणारी सक्तीही गेली. माझे मत विचाराल तर थोडी सक्ती राहिलेली बरी, परंतु हे सांगणारा मी त्यांच्याहून बराच लहान आहे.

भूक कोठे राहते?

आता मावशींच्या चिमणीएवढ्या आहाराकडे वळू. उतारवयात जेवण कमी होते ते केवळ श्रम कमी झाल्यामुळे, हा समज अर्धाच खरा आहे. जॉन मॉर्ली या वैद्यकतज्ज्ञाने 1988 साली या अवस्थेस "वार्धक्यातील अरुची" या अर्थाचे नाव दिले, आणि तिची कारणे अनेक आहेत. घ्राणशक्ती क्षीण होते, आणि आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा हिस्सा वास्तविक वासाचा असतो. सर्दीत आमटी बेचव लागते, ती स्थिती कायमची झाली असे समजावे. लाळ कमी पडते, विशेषतः अनेक औषधे चालू असल्यास. जठराचा वरचा भाग अन्न येताच पूर्वीसारखा सैल होत नाही, त्यामुळे थोडक्यात पोट तुडुंब वाटते.

याहून गंभीर गोष्ट अशी की शरीराचा हिशेबनीसच मंद होतो. 1994 साली सुझन रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. तरुण व वृद्ध पुरुषांना तीन आठवडे गरजेपेक्षा कमी खावयास दिले आणि मग मोकळे सोडले. तरुणांनी पुढे अधिक खाऊन तूट भरून काढली. वृद्धांनी काढली नाही. तापाने, पडझडीने किंवा जोडीदाराच्या मृत्यूने चार आठवडे अन्न सुटले तर तरुणाचे वजन परत येते, वृद्धाचे तसेच खाली राहते, आणि त्यात चरबीबरोबर स्नायूही गेलेले असतात. म्हणजे ज्याला आपण "भूक लागली की खाईल" म्हणून सोडून देतो, त्याला भूक लागण्याची घंटाच नादुरुस्त असते.

आतली घंटा वाजत नसेल तर बाहेरून कोणी तरी वाजविली पाहिजे. ती वाजविणारा पहिला इसम म्हणजे शेजारी बसलेला मनुष्य. जॉन द कास्त्रो या संशोधकाने लोकांना आपल्या आहाराची रोजनिशी ठेवावयास लावली, आणि 1989 साली दाखवून दिले की इतरांच्या संगतीतील जेवण एकट्याच्या जेवणाहून सुमारे 44 टक्के मोठे असते. कारण साधे: संगतीत जेवण लांबते. बोलता बोलता वेळ जातो, अन्न समोर असते, हात आपोआप पुढे होतो. पंगतीत यजमान हात जोडून "सावकाश होऊ द्या" म्हणत फिरत असे. त्या तीन शब्दांत हे सारे संशोधन आलेले आहे.

दुसरा इसम म्हणजे क्रम. माणसाला एकच पदार्थ खात राहिले की त्या पदार्थापुरता कंटाळा येतो आणि दुसरा दिसला की भूक पुन्हा जागी होते; पोट भरल्यावर श्रीखंडाला जागा निघते ती याच न्यायाने. बार्बरा रोल्स यांनी 1980 नंतरच्या दशकात या गुणाचा अभ्यास केला, आणि पुढे असे आढळले की पासष्टीनंतर हा कंटाळाच कमी होतो. वाचताना हे वरदान वाटेल. पण कंटाळा येत नाही म्हणून तोच तो पदार्थ दिवसेंदिवस चालतो, आणि आहारातील वैविध्य नकळत आटते. मावशींच्या सँडविचचे रहस्य येथे सापडले. ज्या दालनात निवड पूर्णपणे स्वतःच्या हाती आहे तेथे वृद्ध मनुष्य कालचेच आज मागतो. ज्या दालनात दुसराच कोणी क्रम ठरवितो आणि ताटली पुढे आणून ठेवतो, तेथे त्याच्या पोटात गाजर, पालक, मसूर असे पाच निराळे जिन्नस जातात. सुटसुटीतपणाची ही छुपी किंमत आहे.

तिसरा पुरावा नेदरलँड्समधला. तेथील पाच शुश्रूषागृहांत 178 रहिवाशांवर सहा महिने एक तुलना करण्यात आली. तिचे निष्कर्ष 2006 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. काही दालनांत पूर्वीप्रमाणे आधीच वाढलेली तबके दिली. काहींत मेजावर चादर, भांड्यांतून वाढून घेण्याची मुभा, निवडीस वाव आणि सेवकांनी मेजावर बसून गप्पा मारणे, अशी घरगुती मांडणी केली. घरगुती मेजावरच्या लोकांचे वजन, अंगातील हालचाल आणि एकूण समाधान टिकून राहिले, तबकवाल्यांचे घसरले. ही मांडणी थाटाची म्हणावी की सुटसुटीत? चादर आणि वाढपी थाटातले, भांड्यांतून हवे ते घेणे सुटसुटीतातले. दोन्ही दालनांच्या भांडणात तिसराच निवाडा या प्रयोगाने दिला असे मला वाटते.

> चौकट: थोडक्यात यंत्रणा
> वयपरत्वे भुकेची आतली सूचना मंदावते आणि एकदा गेलेले वजन सहसा आपोआप परत येत नाही. थाटाचे जेवण वेळ, संगत आणि पदार्थांचा क्रम यांनी ही उणीव भरून काढते, पण ते महाग, वेळेचे बांधलेले आणि थकविणारे असते. सुटसुटीत जेवण दमलेल्या, उशिरा उठलेल्या किंवा एकांत हव्या असलेल्या माणसाला उपाशी राहू देत नाही, पण तेच ते खाण्याकडे आणि पुडके घेऊन खोलीत परतण्याकडे त्याचा ओढा असतो. प्रवेश घेण्यापूर्वी महिन्याची शिल्लक बुडते काय, आणि रहिवासी शुश्रूषागृहात हलल्यावर त्याला मोठ्या भोजनगृहात येता येते काय, हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत.

मेजावरील चादर काय करते

पांढरी चादर हे निव्वळ ऐश्वर्याचे चिन्ह आहे असे मी समजत होतो. तसे नाही, ती आवाज पिते. उपाहारगृहात फरशी टणक, भिंती नागड्या, वर यंत्रांची घरघर. प्रत्येक आवाज परतून येतो. गोंगाटात माणूस नकळत आपला आवाज चढवितो, ही गोष्ट फ्रेंच कर्णवैद्य एतिएन लोंबार यांनी 1911 साली नोंदविली. एकाने चढविला की शेजारच्या मेजाला चढवावा लागतो, आणि थोड्याच वेळात सारे दालन ओरडू लागते. वयोमानाने ऐकू कमी येणाऱ्याच्या कानाला यातून शब्द निवडता येत नाहीत. कानातले यंत्र तर सगळ्यांचेच बोलणे मोठे करून देते. मग तो मनुष्य हसून मान डोलावीत बसतो आणि पुढल्या खेपेस येत नाही. गालिचा, पडदे आणि चादर असलेले दालन या दृष्टीने औषधासारखे आहे.

प्रकाशाच्या बाबतीत मात्र थाटाच्या दालनाची बाजू लंगडी पडते. साठीच्या मनुष्याच्या दृष्टिपटलावर, विशीतल्या तरुणाच्या मानाने, सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, कारण बाहुली पुरेशी उघडत नाही आणि नेत्रभिंग पिवळसर पडलेले असते. मंद दिव्यांची नजाकत तरुण जोडप्यांसाठी ठीक. ऐंशीच्या गृहस्थाला त्या उजेडात यादीही वाचता येत नाही आणि माशातला काटाही दिसत नाही. त्यात पांढरी चादर, पांढरी बशी आणि बशीत फुलकोबी व पांढरा मासा असा योग जुळला तर समोर अन्न आहे हेच कळू नये. बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2004 साली स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना भडक लाल रंगाच्या भांड्यांत जेवण दिले, तेव्हा त्यांचे खाणे सुमारे 25 टक्क्यांनी वाढले. हिरव्यागार केळीच्या पानावरचा पांढरा भात आणि पिवळे वरण ज्याने पाहिले आहे त्याला हे चटकन पटेल.

दाराशी उभा राहिलेला प्रश्न

थाट म्हटला की दार आले, आणि दार आले की कोणाला आत घ्यावे हा प्रश्न. पूर्वी पुष्कळ ठिकाणी पुरुषांनी सायंकाळी कोट घातल्याशिवाय येऊ नये असा दस्तुर होता. तो आता बहुतेक ढिला झाला आहे, आणि त्यामागे संधिवात हे एक सयुक्तिक कारण आहे. ज्याची बोटे बटणाशी झगडतात त्याला कोटाची अट म्हणजे उपासाची शिक्षा. आधार घेऊन चालण्याच्या चौकटी, ज्यांना वॉकर म्हणतात, त्या कोठे ठेवाव्यात हाही वाद असतो. काही ठिकाणी वाढपी मुले त्या मेजापासून उचलून भिंतीशी ओळीने लावतात आणि उठताना परत आणून देतात, एखाद्या हॉटेलात मोटार आणून द्यावी तशा.

वाद याहून कडू होऊ शकतो. व्हर्जिनिया राज्यातील नॉरफोक येथील एका वसाहतीने 2011 साली साहाय्यित व शुश्रूषा विभागातील रहिवाशांना मोठ्या भोजनगृहात येण्यास मज्जाव केला. परिणामी, पत्नी शुश्रूषा विभागात आणि पती स्वतंत्र सदनिकेत, अशा जोडप्यांची एका मेजावर बसण्याची वाट बंद झाली. प्रकरण केंद्र सरकारच्या न्याय खात्यापर्यंत गेले. घरे देण्याघेण्यात अपंगत्वावरून भेदभाव करू नये असा कायदा तेथे आहे. त्याच्या आधारे 2015 साली तडजोड होऊन बाधितांसाठी 3,50,000 डॉलरांचा निधी ठेवणे त्या संस्थेस भाग पडले. विरोध करणाऱ्यांची मानसिक स्थिती मात्र मला समजते. शेजारच्या मेजावर ज्याच्या हनुवटीवरून सूप ओघळते तो मनुष्य निरोगी रहिवाशाला आपला पाच वर्षांनंतरचा आरसा वाटतो. आणि जेवताना आरसा कोणाला हवा असतो? उपाहारगृहात हा प्रसंग क्वचित येतो, कारण तेथे कोणी कोणाकडे टक लावून पाहत नाही. ज्यांचा हात कापतो अशी माणसे तेथेच अधिक दिसली, ती पोटभर खात होती.

ज्यांना गिळण्यास त्रास होतो त्यांच्यासाठी अन्नाचा पोत 0 ते 7 अशा आंतरराष्ट्रीय श्रेणीत मोजतात. पाणी 0, नेहमीचे जेवण 7, मध्ये दाट पेये, लापशी, मऊ घास. पूर्वी सर्व पदार्थ एकत्र वाटून एक करड्या रंगाचा गोळा समोर येई. आता चांगल्या मुदपाकखान्यात गाजराचा लगदा साच्यात घालून त्याला पुन्हा गाजराचा आकार देतात. फसवणूक खरी, पण अत्यंत सभ्य.

मराठी ताट परक्या मेजावर

1965 च्या कायद्याने अमेरिकेची दारे आशियातील शिक्षितांना मोकळी झाल्यावर जे मराठी अभियंते आणि डॉक्टर तिकडे गेले ते आता ऐंशीच्या घरात आहेत, आणि हा प्रश्न त्यांच्या उंबऱ्याशी येऊन ठेपला आहे. फ्लोरिडातील टवारेस येथे शांतिनिकेतन नावाची भारतीयांसाठीची निवृत्त-वसाहत आहे, आणि तेथील सामुदायिक भोजनगृहात आपल्याकडचे शाकाहारी जेवण मिळते. पण मुलांच्या गावाजवळ राहावे म्हणून बरेच जण सर्वसाधारण वसाहतीतच प्रवेश घेतात. थाटाच्या दालनात शाकाहारी मनुष्याच्या वाट्याला पुन्हा पुन्हा पास्ता येतो. सुटसुटीत दालनात मात्र तव्यावरचा आचारी ओळखीचा होतो, आणि मावशींनी त्याला आमलेटाच्या तव्यावर कांदा, मिरची, हळद परतण्यास शिकविले आहे. अंड्याला त्या हात लावीत नाहीत. कांदामिरची मात्र सँडविचात शिरते. म्हणजे माझ्या सिद्धान्ताप्रमाणे तेच ते देणाऱ्या दालनानेच त्यांच्या जिभेला तिखटाची ओळख राखून दिली, ही नोंद प्रामाणिकपणे केली पाहिजे.

आणि गुरुवारी? गुरुवारी त्या मोठ्या दालनात जातात, तेथे अमेरिकन शिष्टाचाराला ठाऊक नसलेली एक गोष्ट त्या करतात. त्यांच्या मेजावर एक विधुर गृहस्थ बसतात, नव्वदीकडे झुकलेले, अर्धी ताटली तशीच सरकवून देणारे. मावशी आपल्या मराठी वळणाच्या इंग्रजीत त्यांना सांगतात की आणखी दोन घास घ्या, निदान बटाटा तरी संपवा, आणि वाढप्या मुलाला खुणेने रश्श्याची वाटी आणावयास लावतात. तो गृहस्थ प्रथम संकोचतो, मग खातो. तेथील आहारतज्ज्ञ याला शाब्दिक प्रोत्साहन अशा अर्थाची काही संज्ञा वापरतात आणि सेवकांना त्याचे शिक्षण देतात. आपण त्याला आग्रह म्हणतो.

मी निघालो तो महिन्याचा अखेरचा दिवस होता. मावशींच्या खात्यावर काही डॉलर उरले होते, आणि मध्यरात्री ते बुडणार होते. दुपारी त्यांनी मला उपाहारगृहाला लागून असलेल्या छोट्या दुकानात नेले. तेथे त्यांच्यासारख्या आणखी आठ-दहा जणी पिशव्या घेऊन आधीच रांगेत उभ्या होत्या. मावशींनी बारा केळी घेतली, दुधाची एक बाटली, आणि उरलेल्या पैशांत कपडे धुण्याची पावडर बसते का, हे गल्ल्यावरच्या मुलाला दोनदा हिशेब करावयास लावून पाहिले. बसत होती. "खाडा मांडायची सोय नाही ना इथे," पिशवी माझ्या हाती देत त्या म्हणाल्या.